पप्पांनी खोललेलं इंजिन

आमच्या मोटारसायकलचं इंजिन पप्पांनी एका रविवारी खोललं आणि सोमवारी कंपनीच्या गेटवर स्वेच्छानिवृत्तीची नोटीस लागली. इंजिन तसंच राहिलं. सोळा वर्षं राहिलं.

मी तेव्हा दहा वर्षांची होते. येरवड्यात आमच्या दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी आणि पडवीत ती गाडी. पावणेदोनशे सीसी, टू-स्ट्रोक, एकच सिलिंडर. दूधवाल्यांची, वायरमनची, कारखान्यातल्या कामगारांची गाडी. तिच्यावर कुणी प्रेम वगैरे करत नसे. ती कामाची होती, एवढंच. पप्पा पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूमला होते. ज्या साच्यांवर आणि हत्यारांवर सगळा कारखाना चालतो, ती बनवणारी माणसं म्हणजे टूलरूम. पप्पा युनियनचेही होते. त्यामुळे गाडीच्या कॅरियरला कायम पत्रकांचा एक गठ्ठा बांधलेला असे.

मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर. घड्या घालणं माझ्याकडे होतं. एका पत्रकाला दोन घड्या, मजकूर आत, मथळा वर, शंभराचा गठ्ठा, त्याला सुतळी. ‘कुटिल’ हा शब्द हिला ‘ससा’च्या आधी वाचता आला, असं आई चारचौघांत सांगायची. ते कौतुक आहे की तक्रार, हे कुणालाच कळायचं नाही. शाळेत बाईंनी ‘माझा आवडता सण’ यावर निबंध सांगितला तेव्हा मी एक मेबद्दल लिहिलं. खाली बाईंनी लाल शाईत लिहिलं, ‘हे कोणी लिहून दिले?’ कुणीच दिलं नव्हतं. मला खरंच तेवढंच येत होतं.

नोटीस लागली त्या आठवड्यात पप्पांनी पत्रक काढलं. मथळा होता, ‘सही करू नका’. टूलरूम बंद करून तिचं काम भोसरीतल्या छोट्या शेडना द्यायचं कंपनीनं ठरवलं होतं. त्याच त्या साच्यांसाठी निम्म्या पगारावर माणसं लावता येत होती आणि त्या माणसांना युनियन नव्हती. हे सगळं पत्रकात होतं. मी त्याच्या घड्या घातल्या होत्या.

तिसऱ्या आठवड्यात पप्पांनी स्वतःच सही केली.

का केली ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. आईचं त्या वर्षी ऑपरेशन झालं होतं. माझी शाळा होती. कारण घरातच कुठेतरी असणार आणि ते मीच निघाले तर काय, या भीतीनं मी गप्प राहिले. पण माफ केलं असंही नाही. उरलेली पत्रकं पप्पांनी एका दुपारी तेलात बुडवली, त्यांत इंजिनाचे सुटे भाग एकेक करून गुंडाळले आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत भरून ठेवले. क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं बाहेरचं कवच, फळीवर ठेवली आणि तिच्यावर एक फडकं टाकलं.

त्या फडक्याबद्दल सांगितलं पाहिजे. टूलरूमचा एक कायदा होता, कुठेही न लिहिलेला. ज्याने मशीन खोललं त्यानेच ते बसवायचं. पाळी संपली तर मशीनवर फडकं टाकून जायचं. पुढच्या पाळीतला माणूस, मग तो कितीही मोठा कारागीर असो, फडक्याला हात लावत नसे. कुठला नट कुठे आवळून बसला होता, कुठे पातळ पत्र्याचा तुकडा सरकवला होता, हे खोलणाऱ्यालाच माहीत असतं. दुसऱ्याने बसवलं तर चालेल, पण मग त्याची जबाबदारी कुणाचीच राहत नाही. पप्पा हे सांगायचे तेव्हा त्यांचा आवाज बदलायचा. फडकं असेपर्यंत ते काम कुणाचं तरी आहे.

आमच्या पडवीतलं फडकं सोळा वर्षं होतं. आई वर्षातून दोनदा ते धुवायची, वाळवायची आणि परत जागेवर टाकायची. विहारात येणाऱ्या बायकांनी विचारलं तर म्हणायची, “साहेबांचं काम चालू आहे.”

साहेब तोवर कोथरूडच्या एका सोसायटीच्या गेटवर उभे होते. एका एजन्सीमार्फत, कंत्राटी, बारा तासांची ड्यूटी. निळा शर्ट, खांद्यावर लाल पट्टी, शिट्टी. येरवड्याहून दोन बस बदलून जायचे. एका केसाच्या जाडीचा फरक बोटानं ओळखणारा माणूस पाहुण्यांच्या वहीत गाड्यांचे नंबर लिहीत होता. ज्या कंत्राटी पद्धतीविरुद्ध त्यांनी हयातभर पत्रकं काढली, तिनेच त्यांना ठेवून घेतलं होतं, आणि सणाला मिठाईचा डबाही देत होती.

आणि मी खराडीला. एका आयटी कंपनीत सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिका लिहिते. इथे क्लिक करा, मग इथे. घड्या घालून शिकलेली भाषा मी तिथे विकते आणि शनिवार-रविवारी कचरावेचक बायकांच्या संघटनेची पत्रकं लिहून प्रायश्चित्त घेते. आमच्या मजल्यावर तीनशे माणसं आहेत. जे सॉफ्टवेअर आम्ही बनवतो ते आख्खं समजलेला एकही माणूस त्यांत नाही. मी विचारून पाहिलं आहे.

एका संध्याकाळी जेवताना पप्पा आपणहून बोलले. हे आमच्याकडे क्वचित होतं.

“आज एक इंजिन ऐकलं,” ते म्हणाले. “आपल्यासारखीच गाडी. सी विंगमधल्या पोरानं आणलीय. कुठून तरी नीट करून घेतलीय. टायमिंग पुढे आहे तिचं, ठिणगी लवकर पडतेय.”

“मग सांगायचं ना त्याला.”

“सांगितलं.”

“काय म्हणाला?”

“काका, गेट उघडा म्हणाला.”

आई हसली. पप्पाही हसले. मला हसू आलं नाही. मी दुसऱ्या दिवशी हाफ डे टाकून कोथरूडला गेले आणि सोसायटीच्या समोर उभी राहून ती गाडी बघितली. मरून रंग, चकाकणारा क्रोम, नवी सीट. तो मुलगा माझ्याच वयाचा, माझ्यासारखंच गळ्यात कार्ड. त्यानंतर मला शहरभर तशा गाड्या दिसू लागल्या. बाणेरला एका कॅफेच्या भिंतीवर तर आख्खी टांगलेली होती, चाकांसकट. मोठ्या जुन्या गाड्या मिळेनाशा झाल्यावर शहराला लहान गाड्यांची आठवण झाली होती. आमच्या बापांनी ज्या गाड्या भंगारात घातल्या त्यांना आता वारसा म्हणत होते. दूधवाल्याच्या गाडीला वारसा. दूधवाल्याला कुणी काही म्हणत नव्हतं.

हे सगळं खरं आहे आणि तरीही त्या लहान गाडीनं मला धरलं. राग येता येता धरलं. मी पडवीत जाऊन डबे उघडले. तेलकट पत्रकांतून एकेक भाग काढला. पिस्टन माझ्या तळहातात मावत होता. सगळं इंजिन एका माणसाला मांडीवर घेता येईल एवढं. गाडी मी एकटी स्टँडवर चढवू शकत होते. त्या यंत्रात असा एकही तुकडा नव्हता जो एका माणसाला पूर्ण समजू शकणार नाही. खराडीला बसून मी हे विसरले होते की अशी यंत्रं असतात, आणि ती समजलेली माणसं असतात, आणि त्यांतला एक आमच्या घरात शिट्टी गळ्यात घालून जेवायला बसतो.

“पप्पा, गाडी करायची का?”

“भंगारात घाल.”

“फडकं तुमचं आहे. मी कशी घालू?”

ते हात धुवायला गेले. पुढचे पंधरा दिवस काही नाही. मग एका सकाळी सहा वाजता पडवीत आवाज आला म्हणून बाहेर आले, तर ते चष्मा लावून पाटावर बसले होते आणि फडकं घडी करून बाजूला ठेवलेलं होतं.

“रॉकेल आहे का बघ,” ते म्हणाले. “नसलं तर डिझेल आण. आणि मॅडम, तुम्ही फक्त पुसायचं. आवळायचं नाही.”

रोज ड्यूटीला जाण्याआधी तासभर. मी पुसत होते, ते बघत होते. नजर थोडी गेली होती, पण बोटं शाबूत होती. एखादा भाग ते डोळे मिटून फिरवायचे आणि म्हणायचे, “हा आपला नाही. बदललेला आहे.” मग आठवून सांगायचे, कुणी बदलला. निम्मी गाडी टूलरूमचीच होती. क्लचचा लिव्हर एकानं घडवलेला, किकचा दांडा दुसऱ्यानं, सायलेन्सरचा क्लॅम्प तिसऱ्यानं, कंपनीच्या वेळेत, कंपनीच्या लोखंडातून. “चोरी म्हणजे,” मी म्हणाले.

“चोरी ते करत होते,” पप्पा म्हणाले. “आम्ही वसुली.”

सोळा वर्षांत मी त्यांना असं बोलताना ऐकलं नव्हतं. आई चहा घेऊन यायची आणि उगाच उभी राहायची.

केसिंगवरचे स्क्रू आवळताना त्यांची एक पद्धत होती. शेवटच्या पाव फेऱ्याला ते थांबायचे आणि सगळ्या स्क्रूंच्या खाचा एका दिशेत आणायचे, उभ्या. का, म्हणून विचारलं. “सैल झाला तर लांबून दिसतो,” ते म्हणाले. नंतर म्हणाले, “आणि नीट दिसतं.”

त्याच सुमारास मला त्यांच्या जुन्या खात्यातल्या एका काकांचा फोन आला. टूलरूमची माणसं दर एक मेला पिंपरीच्या एका हॉलमध्ये जमतात. पप्पा सहीनंतर कधीच गेले नव्हते. सही करू नका असं ज्यानं लिहिलं त्यानं कुठल्या तोंडानं जायचं. मी काकांना गाडीचं सांगितलं. ते म्हणाले, “घेऊन ये त्याला. त्याच गाडीवर घेऊन ये. सह्या सगळ्यांनीच केल्या बाळा. त्यानं निदान आधी नको म्हणून सांगितलं होतं.”

मी पप्पांना विचारलं. त्यांनी हातातला पिस्टन उजेडात फिरवून पाहिला.

“गाडी झाली तर जाऊ,” ते म्हणाले.

हे ऐकलं तो क्षण मला आजही आवडतो आणि म्हणून त्याची चीड येते. पुढे मी जे केलं ते त्या वाक्यामुळे केलं. मला गाडी व्हायला हवी होती. मार्च संपत आला होता.

पप्पांना घाई नव्हती. कनेक्टिंग रॉडच्या वरच्या टोकाला एक पितळी रंगाचा बुश बसतो, त्यातून पिस्टनची पिन जाते. जुना झिजला होता. बाजारात तयार मिळतो. पप्पा सुट्टीच्या दिवशी भोसरीला एका ओळखीच्या शेडमध्ये जाऊन लेथवर नवा करून आले. मग रोज सकाळी रीमर फिरवून आतून केसभर काढायचं, पिन घालून बघायची, पुसायचं, परत केसभर. “पिन स्वतःच्या वजनानं खाली आली पाहिजे,” ते म्हणाले, “पण आवाज न करता.” पहिला बुश त्यांनी फेकला. दुसऱ्यातून पिन माझ्या मते अगदी छान खाली येत होती. त्यांनी तोही फेकला.

“मला तर आवाज आला नाही,” मी म्हणाले.

“म्हणून तू पुसतेस.”

तिसरा चालू होता तेव्हा सोसायटीतला दुसरा वॉचमन गावी निघून गेला. एजन्सीनं माणूस दिला नाही. पप्पांवर दोघांची ड्यूटी आली. ते तिकडेच मीटरच्या खोलीत झोपू लागले, धुतलेले कपडे आई तिकडे पोचवायची. पडवीत क्रँककेसवर परत फडकं पडलं. एप्रिल निम्मा संपला. मी फोनवर विचारायचे, ते म्हणायचे, “होईल.” कधी, म्हटलं की म्हणायचे, “झालं की.”

मी मे महिन्याच्या पहिल्या तारखेचं चित्र रंगवून बसले होते. गाडीवरून पप्पा उतरताहेत, माणसं गोळा झालीत, मी मागच्या सीटवर. त्यावर मी काय लिहिणार हेही मनात तयार होतं. खोटं कशाला बोलू, पहिलं वाक्य तयार होतं.

मी टेम्पो बोलावला. आई दारात उभी राहिली.

“त्यांना विचारलंस?”

“सरप्राइज आहे.”

“मी त्या फडक्याला हात लावणार नाही,” आई म्हणाली. “धुते तेवढंच.”

फडकं मी काढलं.

वारज्याला एक जण जुन्या गाड्या करतो. आधी हिंजवडीला आयटीत होता, नोकरी सोडून हे सुरू केलं. शेडच्या दर्शनी भागात कॉफीचं मशीन, भिंतीवर हत्यारं टांगलेली आणि प्रत्येकाच्या मागे त्याची बाह्यरेषा रंगवलेली. त्याची टर उडवायला मला आवडलं असतं, पण माणूस कामाचा होता. डबे बघून म्हणाला, “वाव. हे रॅपिंग कुणी केलंय? एकही पार्ट गंजला नाहीये.”

“वडिलांनी.”

“सॉलिड. पण मॅम, यात बरंचसं लोकल जुगाड आहे. लिव्हर, किक, क्लॅम्प. मी सगळं ओरिजिनल टाकतो. व्हॅल्यू त्यालाच आहे.”

मी ‘नको’ म्हणायला हवं होतं. ज्या माणसांनी ते भाग घडवले त्यांच्याच हॉलमध्ये ती गाडी न्यायची होती. माझ्या डोक्यात तारीख होती. मी विचारलं, “किती दिवसांत?”

नऊ दिवसांत त्यानं गाडी दिली. पहिल्या किकमध्ये सुरू झाली. मी वारज्याहून येरवड्यापर्यंत चालवत आणली आणि सिग्नलला लोक माना वळवून बघत होते. मला ते आवडलं. मागच्या सीटला एका प्लॅस्टिकच्या पिशवीत काढलेले भाग बांधले होते, त्यांत पप्पांचा तिसरा बुशही होता. वारज्याच्या माणसानं तयार बुश टाकला होता.

एजन्सीनं अखेर दुसरा माणूस दिला आणि पप्पा दुसऱ्या दिवशी सकाळी ड्यूटीवरून घरी आले. दोन दिवसांची दाढी, निळा शर्ट पाठीला चिकटलेला. गाडी पडवीत उभी होती. ते तिच्याभोवती एक फेरी फिरले. उकिडवे बसले. केसिंगवरून बोट फिरवलं. मी किक मारली. त्यांनी मान तिरकी करून ऐकलं, बराच वेळ.

“टायमिंग बरोबर आहे,” ते म्हणाले.

“मग जायचं ना एक तारखेला?”

त्यांनी प्लॅस्टिकची पिशवी उघडून आत पाहिलं आणि परत बंद केली.

“काम बाहेर दिलंस,” ते म्हणाले.

आवाजात राग नव्हता. असता तर मी भांडले असते, मला ते येतं. हे तीन शब्द मी लहानपणी दोन घड्यांमध्ये किती हजार वेळा बंद केले असतील. काम बाहेर देणं थांबवा. काम बाहेर देण्याचा कुटिल डाव. कारखान्यानं त्यांचं काम भोसरीला दिलं, मी वारज्याला दिलं. कारखान्यानं निदान नोटीस लावली होती. तो माणूस ड्यूटीवर अडकला आहे, त्याचा वेळ लागतो आहे, तारीख जवळ आली आहे, तयार भाग बाजारात आहे. व्यवस्थापनाची जी कारणं मी पाठ करून मोठी झाले, ती सगळी मी वापरली होती. आणि तीही त्यांच्या सन्मानासाठी, असं स्वतःला सांगून.

एक मेला पप्पांनी सुट्टी घेतली नाही. मी काकांना शब्द दिला होता म्हणून एकटीच गेले. अहंकार होता तो, दुसरं काही नाही. हॉलबाहेर वीसेक म्हातारी माणसं गाडीभोवती गोळा झाली. कुणी टाकीवर हात फिरवला, कुणी हॉर्न वाजवला.

“बाप कुठाय?”

“ड्यूटी आहे त्यांना.”

“आजच्या दिवशी ड्यूटी? युनियन कुठे गेली त्याची?” एक जण म्हणाला आणि सगळे हसले.

फोन करणारे काका गुडघा धरत खाली बसले. त्यांनी किकचा दांडा पाहिला. नंतर मला कळलं की जुना दांडा त्यांनी घडवला होता. 

“इंजिन कुणी बसवलं?” त्यांनी विचारलं.

“पप्पांनी,” मी म्हणाले.

ते केसिंगवरच्या स्क्रूंकडे बघत राहिले. एकाची खाच आडवी, एकाची तिरपी, एकाची उभी. मग हात माझ्यापुढे केला, मी त्यांना उठवलं.

“हो,” ते इतरांना ऐकू जाईल असं म्हणाले, “त्याचाच हात आहे.” आणि मला हळूच, “घरी गेल्यावर सांग त्याला, सगळ्यांना गाडी आवडली. माझं काही सांगू नको.”

आतमध्ये भाषणं झाली. मी ऐकली नाहीत. मी काही लिहिलंही नाही. ते तयार वाक्य मला अजून आठवतं, आणि ते चांगलं वाक्य आहे.

घरी आले तेव्हा पप्पा उद्याच्या शर्टाला इस्त्री करत होते.

“कोण कोण होतं?”

मी सांगितलं.

“काय म्हणाले?”

“आवडली म्हणाले.”

“आवडणारच. काम चांगलं आहे.”

मी त्यांच्याशेजारी जमिनीवर बसले आणि म्हणाले, “पप्पा, परत खोला ना. मी चुकले. सगळं खोला आणि तुमच्या हातानं बसवा. कितीही वर्षं लागू द्या.”

त्यांनी शर्टाची बाही उलटी केली आणि दुसऱ्या बाजूनं इस्त्री फिरवली.

“बिघाड काय आहे?” त्यांनी विचारलं.

“काही नाही.”

“बिघाड नसताना इंजिन खोलत नाहीत.”

हाही टूलरूमचाच कायदा होता. मी कधी ऐकला नव्हता, कारण तोवर त्याची गरज पडली नव्हती. मी वाद घालायचा प्रयत्न केला. स्क्रूंच्या खाचा वाकड्या आहेत म्हणाले. ते म्हणाले, घट्ट आहेत ना, मग झालं. मी म्हणाले, बुश तयार आणलेला आहे. ते म्हणाले, चालतोय ना. असं ते माझ्याशी समजुतीनं बोलत होते, जसं ते सोसायटीतल्या लोकांशी बोलत असतील.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. पप्पा अजून कोथरूडला जातात. सकाळचा तास परत झोपेला गेला. हत्यारांची पेटी त्यांनी पलंगाखाली सरकवली आहे, पुसून, तेल लावून. गाडी मी वापरते. खराडीला जाते, पावसात नेते, खड्ड्यांतून नेते, चढाला मुद्दाम वरच्या गियरमध्ये ओढते. एकदा पेट्रोल पंपावर ऑइल मिसळताना हात थांबला होता. कमी घातलं तर पिस्टन सिलिंडरमध्ये अडकून बसेल, इंजिन खोलावं लागेल. मग पूर्ण घातलं. बिघडलेलं आणि बिघडवलेलं यांतला फरक त्यांना बोटानं कळला असता, आणि मग माझ्यापाशी काहीच उरलं नसतं.

म्हणून मी वाट बघते. सिग्नलला उभी असताना कान देऊन ऐकते, कुठे खडखड येते का, कुठे आवाज बदलतो का. जुनी गाडी आहे, कधीतरी काहीतरी होईल. पप्पा आता बासष्टचे आहेत आणि डाव्या डोळ्यातही मोतीबिंदू सांगितला आहे. वारज्याच्या त्या माणसानं काम फार चोख केलं आहे. रोज सकाळी मी किक मारते, पप्पा आत बसून बुटाचे बंद बांधत असतात, आणि गाडी पहिल्या किकमध्ये सुरू होते.